अग्निसुरक्षा संस्थांचे सभासदत्व : कोणासाठी आणि कशासाठी?

मोशीत पुणे-नाशिक रस्त्यालगत माझे कापडाचे गोदाम आहे. चादरी, पडद्याचे कापड आणि कारखान्यांत यंत्रे पुसावयास लागणारे सुती कापड असा माल तेथे असतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ गळ्यात ओळखपत्र अडकवून गोदामात आले. हातात इंग्रजी कागदांची जाडजूड फाईल होती. "आमच्या फायर सेफ्टी संस्थेचे सभासद व्हा, सर्टिफिकेट मिळेल, मग तुम्हाला कोणी काही विचारणार नाही," असे त्यांनी सांगितले. मी सात हजार रुपये मोजून दिले. आठ दिवसांत सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र आले. ते चौकटीत घालून मी गल्ल्याच्या मागे टांगले आणि निश्चिंत झालो.

पुढे चाकणच्या एका कारखान्याकडून पुसण्याच्या कापडाची वर्षभराची ऑर्डर मिळण्याचा योग आला. माल देणाऱ्याचे गोदाम पाहण्यासाठी त्यांचा माणूस आला. त्याने चौकटीकडे एक नजर टाकली आणि विचारले, "हे ठीक आहे शेठ, पण फॉर्म बी कुठे आहे?" फॉर्म बी हे नाव मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. ऑर्डर दुसऱ्याच्या पदरात गेली.

यात दोष माझाही होता. माझे शिक्षण उर्दू माध्यमाचे. मराठी मी बाजारात शिकलो. इंग्रजी कागद समोर आला की खाली सही कुठे करावयाची एवढेच पाहण्याची सवय. त्या रात्री माझ्या भाच्याने ते प्रमाणपत्र चौकटीतून काढून शांतपणे वाचले. तो पाइप फिटर आहे. मोठ्या इमारतींत आणि कारखान्यांत आग विझविण्याच्या पाण्याच्या लाइनी टाकतो. वाचून झाल्यावर म्हणाला, "मामू, ह्यात परवाना नंबर कुठेच नाही. तुम्ही नुसते मेंबर झालात."

नुसते मेंबर होणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मी नंतर बरीच विचारपूस केली. भाच्यालाही आपल्या पेशासाठी एखाद्या संस्थेत जावयाचे होते, त्यामुळे काम दुहेरी झाले. जे हाती लागले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट ही की अग्निसुरक्षेच्या सगळ्या संस्था एकाच जातीच्या नसतात. काही संस्था माणसाच्या ज्ञानाची आणि अनुभवाची पायरी ठरवितात. काही संस्था या धंद्यातल्या कंपन्यांना आणि जाणकारांना एकत्र आणतात. काही कारखान्यांना सुरक्षिततेचे शिक्षण देतात. तिन्ही ठिकाणी वर्गणी भरून सभासद होता येते, तिन्ही ठिकाणी कागद मिळतो, आणि तिन्ही कागदांचा अर्थ निरनिराळा असतो. कायद्याने लागणारा परवाना मात्र यांपैकी एकही संस्था देत नाही.

पहिल्या प्रकारातील सर्वांत नावाजलेली संस्था म्हणजे ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ फायर इंजिनिअर्स. ती १९१८ साली स्थापन झाली आणि तिचे सभासद जगभर आहेत. याच नावाची भारतीय संस्था दिल्लीत आहे. अर्ज भरताना आपण कोणत्या संस्थेचा अर्ज भरतो आहोत हे आधी पाहावे, कारण नाव एक असल्याने पुष्कळांची गल्लत होते. ब्रिटनच्या संस्थेच्या मुख्य पायऱ्या अशा : शिकणाऱ्यासाठी स्टुडंट, नुसती आवड किंवा संबंध असणाऱ्यासाठी अफिलिएट, मग टेक्निशियन, ग्रॅज्युएट, मेंबर आणि सर्वांत वर फेलो. आपल्या कारखानदारीच्या भाषेत सांगावयाचे तर शागीर्दापासून उस्तादापर्यंतचा हा जिना आहे. पण या जिन्याला मध्येच एक दार आहे, आणि ते ज्याला दिसत नाही तो फसतो. स्टुडंट आणि अफिलिएट होण्यासाठी अर्ज आणि वर्गणी पुरते. टेक्निशियन आणि त्यापुढच्या पायऱ्यांवर परीक्षा, शिक्षण आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव तपासला जातो. नावापुढे संस्थेची अक्षरे लावण्याचा मान या दाराच्या पलीकडे गेलेल्यालाच मिळतो. म्हणून कोणी "मी अमुक संस्थेचा सभासद आहे" असे म्हणाला, तर पुढचा प्रश्न हाच विचारावा : कोणत्या वर्गाचा सभासद?

फायदे काय? नावापुढची अक्षरे हा एक. संस्थेचे नियतकालिक, व्याख्याने आणि शाखांच्या सभा हा दुसरा. त्यातून नवीन यंत्रणा आणि नवीन नियम यांची माहिती वेळेवर मिळते. वरच्या पायरीवरील सभासदास ब्रिटनच्या इंजिनिअरिंग कौन्सिलकडे आपले नाव नोंदविण्याची वाट याच संस्थेतून मिळते, आणि परदेशात, विशेषतः आखातात, नोकरी शोधणाऱ्यास त्याचा उपयोग होतो. अडचणीही सांगितल्या पाहिजेत. परीक्षा इंग्रजीत असते. वर्गणी पौंडात आणि दरवर्षी भरावयाची असते. ती थकली की सभासदत्व जाते आणि अक्षरेही जातात. ज्याला आयुष्यभर गोदामच चालवायचे आहे, त्याने या जिन्यावर पैसे घालविण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

आखाताचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट येथेच सांगतो. आपल्या मोहल्ल्यांतील अनेक मुले नेबॉश नावाचा अभ्यासक्रम करून तिकडे जातात. नेबॉश ही १९७९ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेली परीक्षा घेणारी संस्था आहे. तिचे प्रमाणपत्र हे परीक्षा पास झाल्याचे प्रमाणपत्र आहे, एखाद्या संघटनेचे सभासदत्व नव्हे. आणि त्यात आगीपुरता विचार नसून कामाच्या जागेवरील सगळ्याच धोक्यांचा असतो. "नेबॉशचे मेंबर बनवून देतो" असे सांगणारा एजंट भेटला तर आपला रस्ता धरावा.

दुसऱ्या प्रकारात फायर अँड सिक्युरिटी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था येते. ती २००२ साली निघाली. निरनिराळ्या शहरांत तिच्या शाखा आहेत, पुण्यातही आहे. आगीची व सुरक्षेची उपकरणे बनविणारे, विकणारे, सल्लागार, वास्तुशिल्पी, मोठ्या इमारतींची देखभाल करणारे असे लोक तेथे एकत्र येतात. तिचा फायदा ओळखीचा, चर्चेचा आणि प्रदर्शनांचा आहे. आपल्यापैकी ज्यांचा अग्निशामक सिलिंडर भरून देण्याचा, अलार्म बसविण्याचा किंवा पाइपलाइन टाकण्याचा धंदा आहे, त्यांना अशा ठिकाणी ऊठबस असणे लाभाचे ठरते; काम देणारे तेथेच भेटतात. कापडवाल्याला किंवा बेकरीवाल्याला तेथे जाऊन वर्गणीच्या मानाने फारसे काही मिळणार नाही.

तिसरा प्रकार नॅशनल सेफ्टी कौन्सिलचा. केंद्रीय कामगार मंत्रालयाने ४ मार्च १९६६ रोजी ही परिषद स्थापन केली. तिचे मुख्य कार्यालय नवी मुंबईत आहे. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत ४ मार्चला कामगारांच्या छातीवर जो बिल्ला दिसतो तो याच परिषदेच्या स्थापनेच्या दिवसाचा. व्यक्तींप्रमाणे कारखानेही तिचे सभासद होतात. सभासदांना प्रशिक्षण, पुस्तिका, भिंतीवर लावण्याची चित्रे मिळतात. ज्यांचा वीस-पंचवीस कामगारांचा पावडर कोटिंगचा, रबराचा किंवा पॅकिंगचा कारखाना आहे, त्यांनी या परिषदेची चौकशी अवश्य करावी. तेथे एक माणूस शिकून आला तर बाकीच्यांना तो शिकवितो.

कापडाच्या धंद्यातला म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था १८९६ साली स्थापन झाली, ती छतातून आपोआप पाणी सोडणाऱ्या स्प्रिंकलरचे नियम एकसारखे करण्याच्या खटपटीतून. हे स्प्रिंकलर आधी कोठे पसरले, तर तेथील सूतगिरण्यांत. गिरण्या जळत होत्या, विमा कंपन्या पैसे भरून थकल्या होत्या, म्हणून ही विद्या पुढे गेली. आज आपल्या मॉलमध्ये आणि इस्पितळांत छताला जी लहान लहान तोंडे दिसतात, त्यांच्यामागे कापूस आणि सूत यांचीच आग आहे. या संस्थेचेही सभासद होता येते. पण तिची नियमपुस्तके संगणकावर मोफत वाचावयास मिळतात, हे माझ्या भाच्याला कळल्यावर त्याने वर्गणीचा विचार सोडून दिला.

आता फॉर्म बी. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना यांचा कायदा २००६ साली झाला आणि २००८ च्या अखेरीस लागू झाला. त्याने जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा ती वापरणाऱ्यावर टाकली आहे. भाडेकरू असलो म्हणून आपण सुटत नाही. इमारतीचा वापर, उंची आणि क्षेत्रफळ यांवर तेथे कोणती यंत्रणा पाहिजे ते ठरते. यंत्रणा बसविल्यावर परवानाधारक संस्था फॉर्म ए देते. त्यानंतर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ती यंत्रणा चालू स्थितीत आहे असा फॉर्म बी परवानाधारक संस्थेकडून घेऊन अग्निशमन अधिकाऱ्याकडे दाखल करावा लागतो. परवाना देण्याचा अधिकार राज्याच्या अग्निशमन सेवा संचालकांना आहे. त्यांचे कार्यालय मुंबईत सांताक्रूझला विद्यानगरीत आहे.

म्हणजे फॉर्म देणाऱ्याकडे परवाना असला पाहिजे, आणि त्या परवान्याची मुदत संपलेली नसली पाहिजे. तो इंग्लंड-अमेरिकेच्या संस्थेचा फेलो असला तरी परवान्यावाचून त्याची सही येथे चालत नाही. उलट परवानाधारक माणूस कोणत्याच संस्थेचा सभासद नसला तरी त्याची सही चालते. एवढी एक गोष्ट मला आधी कळली असती तर माझे सात हजार वाचले असते, ऑर्डरचे तर सोडाच. आता चौकट तीच आहे, आत फॉर्म बी आहे.

पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि उत्तर तोंडी न घेता कागदावर घ्यावे. तुम्ही संघटना आहात की परवानाधारक संस्था? परवान्याचा क्रमांक आणि मुदत काय? मला मिळणारा कागद सभासदत्वाचा, प्रशिक्षणाचा की कायद्याने लागणारा? सभासदत्व कोणत्या वर्गाचे आणि किती दिवसांचे? यावर समोरचा माणूस रागावला तर समजावे की प्रश्न बरोबर जागी लागला. परवान्याचा क्रमांक महापालिकेच्या अग्निशमन विभागात जाऊन पडताळता येतो. तेथे जावयास आपले लोक उगाच घाबरतात. आपण होऊन गेलेल्या माणसाशी ते बरे बोलतात असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गैरसमज आहे. काहींना वाटते की सुरक्षा संस्थेचा कागद असला म्हणजे बांधकामालाही आधार मिळतो. तसे मुळीच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने आमच्या शेजारी कुदळवाडी-चिखलीत हजारो पत्राशेड आणि गोदामे पाडली. भंगार गोदामांना वारंवार लागणाऱ्या आगी हेही त्यामागे सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. अनेकांची वर्षांची कमाई त्यात गेली. बांधकामच विनापरवाना असेल तर कोणत्याही संघटनेची चौकट तेथे कामाची नाही. जागा घेतानाच हे पाहिले पाहिजे.

विम्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे. आपल्यातील बरेच व्यापारी विमा घेत नाहीत. तो घ्यावा की न घ्यावा हा प्रश्न उलेमांचा आहे, माझा नाही. पण हिशेबाची बाजू अशी की ज्याने विमा घेतलेला नाही त्याचे जळते ते संपूर्ण त्याचेच जळते. आणि ज्याने घेतलेला आहे त्यालाही भरपाईच्या वेळी आगीच्या यंत्रणेचे कागद विचारले जाऊ शकतात. दोघांनाही गोदाम नीट ठेवण्यावाचून सुटका नाही.

आणि नीट ठेवणे म्हणजे काय, हे सभासदत्वाच्या कोणत्याच अर्जात लिहिलेले नसते. ९ मे २०१९ रोजी पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानाला आग लागून पाच कामगार मेले. ते रात्री आत झोपले होते आणि दार बाहेरून बंद होते. ३० ऑगस्ट २०२३ रोजी चिखलीच्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानात राहणारे एकाच कुटुंबातील चौघे, आईबाप आणि दोन मुले, गेले. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली. मालक, त्यांच्या घरची माणसे, त्यात एक तान्हे मूल, आणि कामगार मिळून आठ जण गेले. टॉवेलचा व्यापार करणाऱ्यांत सोलापूरचे नाव न घेणारा कोण आहे? त्या बातमीनंतर मी दोन दिवस नीट झोपलो नाही, कारण माझेही दोन मजूर तेव्हा पोटमाळ्यावर झोपत असत आणि शटरची किल्ली मी घरी घेऊन जात असे. तिसऱ्या दिवशी त्यांची सोय बाहेर खोलीत केली. भाडे जाते, जाऊ द्या.

गोदामाचे बाकीचे थोडक्यात सांगतो. कापड, लाकूड, कागद यांची आग पाण्याने विझते. पावडरचा सिलिंडर ज्वाळा खाली बसवितो, पण कापसाची किंवा कापडाची गाठ आतून धुमसत राहते आणि तासाभराने पुन्हा पेटते. गाठ फोडून पाणी मारावेच लागते. विजेच्या बोर्डावर मात्र पाणी मारू नये. सिलिंडर घेताना आयएसआय खूण आणि आयएस १५६८३ हा क्रमांक पाहावा. जवसाचे तेल किंवा तेलकट रंग लागलेल्या चिंध्या ढिगात पडून राहिल्या तर त्या आपल्या आपण तापतात आणि पेटतात; कारखान्यांकडून वापरलेले कापड परत घेणाऱ्यांनी त्या झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवाव्यात आणि रोज बाहेर काढाव्यात.

हे प्रत्यक्ष शिकावयाचे असेल तर त्याला सभासदत्व लागत नाही. दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो आणि त्यात अग्निशमन दले प्रात्यक्षिके करून दाखवितात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले, त्यांच्या आठवणीचा तो आठवडा. त्या जहाजातही दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गाठी होत्या, आणि आत धुमसणारा तो कापूस वेळेत विझविता आला नाही.

राहिला माझ्या भाच्याचा प्रश्न, आणि तो पुष्कळ मुलांचा आहे. भोसरी, चिखली, मोशीत वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन म्हणून काम करणारी आपली शेकडो मुले आहेत. इमारतीतील आगीची लाइन तीच टाकतात, पंप तीच जोडतात, गळती तीच काढतात. सही दुसरा करतो आणि सहीचे पैसेही त्यालाच मिळतात. पायरीच्या सभासदत्वाचा खरा उपयोग कोणाला असेल तर या मुलांना आहे. दहावी-बारावी झालेल्या लहान मुलांसाठी सरकारी वाटा आहेत : सांताक्रूझला राज्याची अग्निशमन अकादमी आहे, नागपूरला नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज आहे, ते १९५६ साली रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले, तेथे फायर इंजिनिअरिंगची पदवीही मिळते. पण ज्याचे वय तिशीच्या पुढे गेले, घर मागे आहे आणि हातात काम आहे, त्याला टेक्निशियनची पायरी हीच जवळची वाट.

तेथे अनुभव सिद्ध करावा लागतो, आणि आमचे घोडे तेथेच अडले. भाच्याने अकरा वर्षांत किती इमारतींत काम केले याची गणती नाही, पण रोजंदारीवर असल्याने एकाही ठिकाणचे पत्र नाही. पगारपत्रक नाही, नेमणुकीचा कागद नाही. आता त्याने एक वही केली आहे. इमारत, तारीख, पाइपचा व्यास, पंपाची क्षमता, चाचणीला दाब किती ठेवला, वर साहेब कोण होते, असे सगळे उतरवून काढतो. रविवारी मोटारसायकल घेऊन जुन्या साइटवर जातो आणि पत्र मागतो. पाच ठिकाणी गेला, दोन ठिकाणची पत्रे मिळाली. तिसऱ्या ठिकाणचे साहेब चेन्नईला बदलून गेले आहेत, त्यांना फोन लावणे चालू आहे.